जुन्या चेन लोडरने झाडं काढताना: मुरबाड-शहापूर पट्ट्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

मुरबाड, शहापूर, अंबरनाथच्या आतल्या गावांत वडिलोपार्जित वरकस (उताराची, हलकी) जमीन वीस-पंचवीस वर्षं कुणी कसली नाही की काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. आधी घाणेरी माजते, मग सुबाभूळ शिरते, मधूनमधून पळस, बाभूळ, ऐन डोकं काढतात. मग वारसांपैकी एकजण ठरवतो की इथे कलमं लावायची, किंवा आजोबांच्या वेळची भाताची खाचरं पुन्हा काढायची. पहिला फोन जेसीबीला जातो. काटक्या-झुडपं तो झटपट मोडतो, पण मांडीएवढा बुंधा समोर आला की पुढची बकेट झाडाला टेकते आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. अशा वेळी गावात कुणीतरी म्हणतं, अमक्याच्या खाणीवर जुना चेन लोडर पडून आहे, विचारून बघा.

विचारून बघण्यासारखंच मशीन आहे ते. फक्त ते कसं वापरायचं हे माहीत असलेली माणसं आता कमी झाली आहेत, म्हणून हा लेख.

मशीन कसं असतं आणि कधी घ्यावं

खाली डोझरसारखी साखळी आणि पुढे उचलता येणारी बकेट, असा हा प्रकार. आपल्याकडे दिसतात ते बहुतेक कॅटरपिलर ९५५ किंवा ९७७, नाहीतर कोमात्सुचे डी५७एस, डी७५एस. ९५५ एल हे १९७०च्या दशकातलं मॉडेल, साधारण १३० अश्वशक्तीचं, पंधरा-सोळा टन वजनाचं. ९७७ एल त्याहून बरंच जड, वीस टनांच्या वर. या सगळ्यांत इंजिन पुढे आणि ऑपरेटर मागे. पुढे १९८१मध्ये कॅटरपिलरने ९५३ आणलं, त्यात इंजिन मागे गेलं आणि हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, ड्राइव्ह आला. त्यामुळे समोरचं दिसायला लागलं आणि वळायला सोपं झालं. जुन्यांमध्ये निवड करायची वेळ आली तर ही पिढी कुठली ते आधी बघा. आणि अगदी जुनं मेन क्लचवालं, हाताने गियर बदलायचं मशीन झाडांच्या कामाला घेऊ नका. झाड कलंडतं त्या क्षणी झटकन मागे येता आलं पाहिजे, त्याला क्लच न दाबता गियर बदलणारा पॉवरशिफ्टच हवा.

डोझरपेक्षा याचा फायदा उंचीचा. डोझरचं पातं झाडाला बुंध्यापाशी ढकलतं, लोडरची बकेट तेच झाड डोक्याएवढ्या उंचीवर ढकलू शकते. जोर तितकाच लागतो, पण मुळांवर येणारा ताण कितीतरी पटीने वाढतो. शिवाय तीच बकेट मुळं खणते, पडलेलं खोड उचलून बाजूला नेते, खड्डा भरते आणि शेवटी जमीन सपाट करते. बकेटचा तळ उघडणारी ‘फोर-इन-वन’ बकेट मिळाली तर ओंडके चिमट्यात धरल्यासारखे उचलता येतात.

पण स्पष्ट सांगतो, सगळं भाड्यानेच आणायचं असेल आणि वीस टनी पोकलेन जवळ मिळत असेल तर पोकलेन आणा. तो लांब उभा राहून मुळं खणतो, म्हणून ऑपरेटरला धोका कमी. चेन लोडर परवडतो तो घरचा असेल, ओळखीत स्वस्तात मिळत असेल, किंवा झाडं काढून लगेच सपाटीकरण, बांधबंदिस्ती आणि मातीची ने-आण करायची असेल तेव्हा. एक-दोन एकरांसाठी लो-बेडचं (मशीन वाहून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरचं) भाडं देऊन लांबून लोडर आणणं हा तोट्याचा धंदा आहे. हे मशीन डांबरी रस्त्यावर चालवत नेता येत नाही, रस्ता फक्त ओलांडायचा असला तरी खाली जुने टायर टाकावे लागतात. आणि लो-बेड ठाणे शहरातून येणार असेल तर अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा पाहूनच निघायचं, नाहीतर घोडबंदर रोडच्या तोंडाशी दिवस जातो.

मशीनच्या आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चुकलं तर मशीनच जप्त होऊ शकतं.

सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा. ‘खाजगी वन’, ‘राखीव वन’ किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५चा कुठलाही शेरा दिसला तर काम तिथेच थांबवा आणि वकील गाठा. ठाणे जिल्ह्यात, येऊर-घोडबंदरपासून शहापूरपर्यंत, अशा नोंदींच्या जमिनी भरपूर आहेत. १९७५च्या महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्यातून आलेला हा घोळ काही प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४मध्ये त्यावर निकालही लागला. आपल्या सर्व्हे नंबरला तो लागू होतो की नाही हे चहाच्या टपरीवर ठरवू नका.

शेरा नसेल तर पुढचा प्रश्न, जमीन ग्रामीण भागात आहे की शहरी. ग्रामीण भागात १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीतली झाडं वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, मग ती तुमच्या स्वतःच्या जमिनीत का असेनात. साग, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, बिजा, हळदू, तिवस, अंजन, चंदन आणि खारफुटी त्यात येतात. सुबाभूळ आणि निलगिरी या यादीत नाहीत. तरीही वनरक्षकाला आधी बोलावून दाखवलेलं बरं, कारण तक्रार आली की आधी पंचनामा होतो आणि मग झाडाची जात विचारली जाते. लाकूड गाडीत भरून बाहेर न्यायचं तर वाहतूक पासचं वेगळं विचारून घ्या. जमीनमालक आदिवासी असेल तर झाडांच्या विक्रीला १९६९चा स्वतंत्र कायदा आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे हा प्रश्न हमखास निघतो.

महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत यांच्या हद्दीत १९७५चा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा आहे. तिथे झाडाच्या जातीप्रमाणे सवलत नाही, सुबाभूळ काढायलाही परवानगी. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाएवढी नवी झाडं लावायची अट आली. बदलापूर, अंबरनाथ, कल्याणच्या कडेची गावं कधी हद्दीत येतात, कधी बाहेर जातात, तेव्हा आज आपला गट नंबर कुठे आहे ते पाहूनच अर्ज करा. नवी मुंबईत खाडीकाठची जमीन असेल आणि तिच्यावर खारफुटी असेल तर तो विषय बंदच समजा. मुंबई उच्च न्यायालयाचे त्याबाबतचे आदेश कडक आहेत.

अजून एक. झाडं काढताना निघालेली माती किंवा मुरूम शेताबाहेर विकायचा विचार असेल तर ते गौण खनिज झालं. त्याचा परवाना तहसीलदारांकडे.

हंगाम: दसरा उलटला की

बहुतेक लोक हे काम मे महिन्यात काढतात, पाऊस यायच्या आत उरकायचं म्हणून. मला ते पटत नाही. मेमध्ये आपला मुरूम दगडासारखा असतो. झाड ढकललं की ते मुळासकट निघण्याऐवजी जमिनीलगत मोडतं, मुळं आतच राहतात आणि जुलैत तिथूनच दहा फुटवे येतात. पाला वाळलेला असल्याने आगीची भीतीही तेव्हाच सगळ्यात जास्त. भर पावसात तर बोलायलाच नको, खाचरात सोळा टनांचं मशीन रुतलं तर ते काढायला दुसरं मशीन लागतं.

दसरा ते कार्तिक हा खरा काळ. वरची माती वाळलेली, मशीनला पेलणारी, आणि फूटभर खाली अजून ओल. मुळं लोण्यातून निघाल्यासारखी नाही, पण सुटतात. भात कापून झालेला असतो, शेजाऱ्याच्या बांधावरून मशीन न्यायला त्याची हरकत नसते. बांध मोडला तर तिथल्या तिथे भरून द्यायचा, हे मशीन उतरायच्या आधीच बोलून घ्या. त्या दिवसांत पक्ष्यांची घरटीही तुलनेने कमी असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जमीन अजून पायाखाली दबत असेल तर आठ दिवस थांबा, उन्हं चांगली लागू द्या.

मशीन तपासणं

जुना चेन लोडर घेताना किंवा भाड्याने ठरवताना इंजिनचा आवाज ऐकून खूष होणारे खूप भेटतात. इंजिन दुरुस्त होतं. पैसा खातो तो खालचा भाग. साखळीच्या पिना-बुशी, रोलर, आयडलर (पुढचं मोकळं चाक), स्प्रॉकेट (साखळी फिरवणारं दातेरी चाक) या सगळ्याचा खर्च मशीनच्या किमतीच्या निम्म्यावर सहज जातो. स्प्रॉकेटचे दात बघा. ते गोलसर-बोथट असायला हवेत, टोकदार झाले असतील तर साखळी ताणली गेली आहे. साखळीचा वरचा पदर आयडलर आणि वरच्या रोलरमध्ये चार-पाच सेंटिमीटर लोंबायला हवा. त्याहून जास्त लोंबत असेल तर झाडांच्या कामात ती उतरणार म्हणजे उतरणारच. कडक ताणली असेल तर पिना-बुशी दुप्पट वेगाने झिजतात. ताण ग्रीसने भरून वाढवतात आणि वॉल्व्ह सैल करून कमी करतात. तो वॉल्व्ह सैल करताना तोंड किंवा हात त्याच्यासमोर कधीही नको, आत प्रचंड दाब असतो आणि ग्रीस कातडीतून आत घुसू शकतं.

मग मशीन एखाद्या मातीच्या कड्याला लावा, दुसऱ्या गियरमध्ये ढकला. साखळ्या जागेवर फिरायला हव्यात. इंजिन घुमतंय आणि साखळी थंड उभी, तर ट्रान्समिशन गेलं. एकेक स्टिअरिंग लिव्हर ओढून दोन्ही बाजू सारख्या सुटतात का पाहा. बकेट उचलून इंजिन बंद करा आणि चहा प्या. चहा संपेपर्यंत बकेट वीतभर खाली आली असेल तर सिलिंडरचे सील थकलेत. अशा मशीनची बकेट उंच ठेवून खाली कुणी हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी. लोडरच्या हातांच्या वेल्डिंगला भेगा आहेत का ते मोबाइलच्या टॉर्चने जवळून पाहा. बकेटला सगळे दात असावेत. दात नसलेली बकेट मुळावरून नुसती घसरते.

फायनल ड्राइव्हचं, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गियरपेटीचं, तेल बोटावर घेऊन उन्हात धरा. धातूची चमक दिसली तर किंमत पाडा नाहीतर सोडून द्या.

आता संरक्षणाचं. जुन्या मशीनांना बरेचदा डोक्यावर काहीच नसतं, किंवा गावच्या फॅब्रिकेटरने केलेलं पत्र्याचं छप्पर असतं. ते ऊन-पावसापुरतं. झाडांच्या कामाला कारखान्याची किंवा त्या दर्जाची मजबूत चौकट हवी, वर जाड जाळी, मागेही जाळी. सीटबेल्ट असावा आणि बांधलेला असावा. हायड्रॉलिक पाइपांवर, विशेषतः लिफ्ट सिलिंडरच्या बाजूला, लोखंडी पट्टीचं आवरण लावून घ्या. एक टोकदार फांदी पाइपात घुसली की दिवस संपला. पोटाखालचा पत्रा जागेवर हवा आणि तो काढून आतला पाला-धूळ काम सुरू व्हायच्या आधी साफ हवा. जुन्या इंजिनाला कुठेतरी तेल झिरपतंच. त्या तेलात भिजलेला पाला आणि वर तापलेला एक्झॉस्ट, म्हणजे आगीची तयारी पूर्ण. अग्निशामक सिलिंडर दोन ठेवा, एक ऑपरेटरच्या हाताशी आणि एक जमिनीवर, हेल्परकडे.

डिझेलचा अंदाज सांगायचा तर ९५५च्या आकाराचं मशीन या कामात तासाला पंधरा-वीस लिटर पितं. तासाचा भाव ठरवताना डिझेल कुणाचं हे लिहून घ्या. भांडणं तिथेच होतात.

आधी पायी फिरा

मशीन उतरवायच्या आदल्या दिवशी ऑपरेटर, हेल्पर आणि मालक असे तिघांनी जमीन पूर्ण फिरायची. कोयता आणि चुन्याची पिशवी बरोबर. ठेवायच्या झाडांना पांढरा पट्टा, काढायच्या झाडांना काही नाही. उलटं केलं तर एखादं झाड रंगवायचं राहतं आणि ते वाचतं, पण सगळा गुंता त्यातच होतो. रंग नाही म्हणजे पाडायचं, हे ऑपरेटरच्या डोक्यात सरळ बसतं आणि मालकालाही ठेवायचं झाड स्वतः हाताने रंगवावं लागतं. बांधावरचा आंबा, मोह, जांभूळ ठेवा. नाल्याच्या दोन्ही अंगांची झाडं ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात काठ वाहून जाईल. वड, पिंपळ किंवा खाली शेंदूर लावलेला दगड असलेलं झाड असेल तर ते ठेवण्यात सगळ्यांचं भलं आहे. त्यावर ऑपरेटर हातच घालत नाहीत.

वर बघत फिरा. महावितरणची तार जवळ असेल तर झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात मशीनने ते झाड पाडायचं नाही. तार बंद करून घेऊन आधी फांद्या उतरवायच्या. खालीही बघा. भिवंडी-शहापूर पट्ट्यातून तानसा-वैतरणाच्या मुंबईच्या जलवाहिन्या जातात, बदलापूरकडे बारवीची एमआयडीसीची लाइन, शहराजवळ गॅसची पाइपलाइन. खुणेचे दगड गवतात गेलेले असतात. ते शोधा.

आग्या मोहोळ दिसलं तर त्या झाडाच्या आसपास मशीनचा आवाजही नको. आणि वारुळं, दगडांच्या राशी, जुन्या विहिरी यांच्याभोवती चुना टाका. घोणस आणि नाग दगडांच्या राशीत असतात, जुन्या विहिरी घाणेरीखाली दडतात. झाकलेल्या विहिरीच्या तोंडावर सोळा टन गेले की पुढचं सांगायला नको.

सगळ्यात शेवटी कुंपणाची जुनी काटेरी तार. हिच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि सगळ्यात महाग तीच पडते. गवतात पडलेली तार साखळीत जाते, स्प्रॉकेटच्या मागे फायनल ड्राइव्हच्या सीलभोवती गुंडाळते आणि फेऱ्यागणिक घट्ट होत जाते. बाहेरून काही दिसत नाही. संध्याकाळी चेनप्लेटवर काळं तेल ओघळलेलं दिसतं तेव्हा सील गेलेलं असतं. एक माणूस कटर घेऊन अर्धा दिवस तार गोळा करायला लावा. स्वस्तात सुटाल.

झाड पाडणं

क्रम असा ठेवा: आधी घाणेरी आणि झुडपं, मग बारीक झाडं, मग मध्यम, शेवटी मोठी. मोठं झाड आधी पाडलं की त्याच्या पसाऱ्यात मशीनला जागा उरत नाही.

मनगटापासून मांडीपर्यंतची, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या आतली झाडं सोपी. बकेट सपाट, दात मातीत दोन-चार इंच, पहिल्या गियरमध्ये चालत राहायचं. मुळं उपटून येतात. बकेट जास्त खोल घालू नका. आपल्या वरकस जमिनीत चांगली माती वीतभरच असते, ती झाडांबरोबर ढिगाऱ्यात गेली तर खाली मुरूम उरतो आणि कलमं त्यात तग धरत नाहीत.

पंधरा ते तीस सेंटिमीटरच्या झाडाला लोडरची उंची कामी येते. बकेट छातीच्या वर उचला, झाड बकेटच्या मधोमध घ्या, हळूच टेकवा आणि मग जोर द्या. धावत येऊन धडक मारायची नाही. धडकेने झाड पडत नाही, वरची वाळकी फांदी पडते, आणि ती थेट ऑपरेटरच्या डोक्यावर येते. म्हणून शेंडा वाळलेलं किंवा ढोली असलेलं झाड उंचावरून ढकलायचंच नाही. वेलींनी दोन झाडं एकमेकांना बांधलेली असतील तर आधी वेली तोडा, नाहीतर एक ढकललं की दुसरं मागून येतं.

जोर लागला की नीट बघत राहायचं असतं ते बुंध्याच्या तुमच्या बाजूच्या जमिनीकडे. आधी पाला सळसळतो, मग बुंध्यालगत एक अर्धगोल भेग उघडते. कडकड असा आवाज सुरू होतो, आतली आडवी मुळं एकेक करून तुटत असतात. भेगेच्या अलीकडची माती फुगून वर येऊ लागते आणि आयडलरच्या खाली उशीसारखी उचलते. हाच क्षण आहे. इथे अजून पुढे गेलात तर मुळांचा गड्डा मशीनचं नाक वर उचलतो, साखळी त्यावर चढते आणि लोडर मागे किंवा कडेला कलंडू शकतो. हेल्पर लांबून शिट्टी मारतो, “उस्ताद, मागं घ्या!” आणि उस्तादाने विचार न करता मागे यायचं. मग बकेट खाली घेऊन दात त्या उघड्या भेगेत घालायचे, पुढे रेटत बकेट मागे वळवायची आणि गड्डा खालून उचलून द्यायचा. झाड स्वतःच्या वजनानेच पुढे झोपतं.

तीस सेंटिमीटरच्या वरचं झाड सरळ ढकलायला जाऊ नका. त्याची मुळं आधी तोडावी लागतात. झाड कुठे पाडायचं ते ठरवा, त्याचा नैसर्गिक कल बघून. पडायच्या बाजूच्या उलट बाजूला बुंध्यापासून दीड-दोन मीटरवर बकेटच्या कोपऱ्याने खोल चर घ्या, जाड मुळं तुटेपर्यंत. मग दोन्ही कुशींना तसेच चर. पडायच्या बाजूची मुळं शक्यतो ठेवा, ती बिजागरासारखी झाडाला धरून ठेवतात. चरातून निघालेली माती पहिल्या चराच्या जागी भरून, दाबून तिचा चढ करा, म्हणजे मशीन वर चढून आणखी उंचावर ढकलेल. चढ साखळीने दोन-तीनदा दाबून घ्या, पोकळ चढ ऐन वेळी बसतो. मग वरच्यासारखंच, टेकवून, हळूहळू, भेग दिसेपर्यंत, आणि लगेच मागे. मुळं एकदम तुटली तर उंच उचललेल्या बकेटमुळे मशीन पुढे हेलकावतं, म्हणून बकेट गरजेपेक्षा वर नको.

जातीप्रमाणे फरक पडतो. गुलमोहराची मुळं वरच्या वर पसरलेली, तो लवकर येतो. बाभूळ आणि मोहाचं सोटमूळ खोल, तिथे चर खोलच घ्यावे लागतात. ताडाला सोटमूळ नसतं, पण डोकं जड, तो अचानक पडतो. बांबूचं बेट मात्र एका बाजूने थोडं थोडं कुरतडतच काढावं लागतं, अख्खं ढकलायला गेलात तर बांबू वाकून काचेवर, जाळीवर परत येतात.

लाकूड विकायचं असेल तर आधी कटर मशीनने खोड कापून घेतात. ते ठीक, पण कापणाऱ्याला सांगा की बुंधा कमरेएवढा ठेव. वखारवाला जमिनीलगत कापायला सांगेल, त्याला तेवढं लाकूड जास्त मिळतं. जमिनीबरोबर कापलेल्या बुंध्याला बकेटला धरायला काही उरत नाही, आणि तो काढायला उभ्या झाडाच्या तिप्पट वेळ जातो. तेवढ्या लाकडाची किंमत आणि मशीनचे दोन तास यांचा हिशोब एकदा मांडून बघा.

उतारावर मशीन वर-खाली चालवायचं, आडवं नाही, आणि झाड वरून खालच्या बाजूला पाडायचं. पडणाऱ्या झाडाच्या उंचीच्या दुपटीएवढ्या अंतरात कुणीही उभं राहायचं नाही. गावात मशीन आलं की मुलं बघायला येतात आणि काटक्या गोळा करायला बायका येतात. एक माणूस फक्त त्यांना लांब ठेवायला लागतो. हा खर्च टाळू नका.

बुंधे पडलेल्या जागेवर मशीन जागच्या जागी वळवायचं नाही. खोड साखळी आणि रोलरच्या मध्ये शिरलं की साखळी उतरते, आणि शेतात उतरलेली साखळी चढवणं म्हणजे पहार, जॅक आणि शिव्या. मोठी, सावकाश वळणं घ्या. दर दोन तासांनी थांबून रेडिएटरची जाळी, पोटाखालचा पाला आणि रोलरमध्ये अडकलेली लाकडं काढा. जुन्या मशीनचा तापमानाचा काटा बरेचदा खोटं बोलतो, तेव्हा हात लावण्याइतपत जवळ जाऊन रेडिएटरचा अंदाज घ्या, झाकण मात्र गरम असताना उघडू नका.

पसारा आवरणं

पडलेलं झाड लगेच ढिगावर नेऊ नका. गड्ड्याची माती एक-दोन दिवस वाळू द्या, मग बकेटने उचलून आपटा. ओल्या मातीसकट गड्डे ढिगावर गेले तर तुमची माती गेलीच आणि ढीगही वाळत नाही. रास उताराला आडवी, समपातळीत घाला, म्हणजे पावसाचं पाणी तिथे अडतं. जाड लाकूड वखारीला किंवा घरच्या चुलीला. पाला आणि बारीक फांद्या शेजारच्या शेतकऱ्याला विचारून द्या, भाताच्या रोपासाठी राब भाजायला त्याला ते हवंच असतं. ढीग शेतात पेटवून देणं टाळा. कोरड्या हवेत आग बांध ओलांडून वनखात्याच्या हद्दीत गेली तर परवानगीचे सगळे कागद कामाला येणार नाहीत.

खड्डे एका फटक्यात भरायचे नाहीत. फूटभर माती, त्यावर साखळीचे दोन फेरे, पुन्हा फूटभर. भरून झाल्यावर जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा, पावसात तेवढं बसतं. कलमं लावणार असाल तर मोठ्या बुंध्याच्या जागी पहिल्या वर्षी लावू नका. आत राहिलेली मुळं कुजतात, त्यांना वाळवी लागते आणि नवं कलम आधी तीच खाते. शेवटी बकेट सपाट धरून मागे येत जमीन ओढून घ्या आणि निघालेली मुळं हाताने वेचा. नंतर नांगराचा फाळ मोडण्यापेक्षा ते बरं.

पहिला पाऊस पडल्यावर मात्र जमिनीवर एक फेरी मारावीच लागते. सुबाभळीचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि जमीन उघडी पडली की जूनअखेर ते गालिच्यासारखं उगवतं. रोपं बोटभर असताना दोन मजुरांनी खुरप्याने काढली तर काम होतं. गुडघ्याएवढी झाली की उपटून येत नाहीत, कापली तर फुटतात. घाणेरीचे राहिलेले बुडखे याच वेळी कुदळीने काढा. मोकळ्या जागेत ताग किंवा वाल पेरा, म्हणजे माती धरून राहते आणि तणाला जागा उरत नाही. सप्टेंबरात दुसरी फेरी. तेव्हा बसलेले खड्डेही दिसतात, त्यांत माती टाकून घ्या.